निळ्या गाडीचा क्लच

धाकलू विशे एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यातली बावीस वर्षं त्यांनी मुरबाड डेपोतून माळशेज घाटात गाड्या चढवल्या आणि उतरवल्या. रिटायर होऊन दीड वर्ष झालं, तरी आटगावात त्यांना सगळे ड्रायव्हर म्हणूनच ओळखत. पण मुलाच्या नव्या गाडीत मात्र ते दोन महिन्यांत एकदाही बसले नव्हते.

हायवेलगतचं भाताचं खाचर गोडाऊनसाठी गेलं, तेव्हा धाकलूंची इच्छा नव्हती. भावकीनं सह्या केल्या म्हणून त्यांनीही केली. दीपेशनं आपल्या वाट्यातून पहिली कुठली वस्तू घेतली असेल तर ही गाडी. निळी, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी. मुंबईच्या कुणा माणसानं सात महिने वापरून ती विकायला काढली होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा एका बाजूला तसंच होतं.

"एवढी नवी गाडी कोन का विकंल?" धाकलूंनी तेव्हा विचारलं होतं.

"त्याला मोठी घ्यायचीय," दीपेश म्हणाला. बापलेकांचं त्या गाडीबद्दलचं बोलणं तिथंच संपलं.

नोव्हेंबरातला रविवार होता. सन दोन हजार सहा. धाकलूंची मुलगी भूमिका घाटावर ओतूरला दिली होती आणि तिच्या मुलीचं बारसं होतं. घरच्या बायका आणि भावकीतली माणसं जीपनं सकाळीच निघणार होती. धाकलू जीपकडे निघाले, तेवढ्यात सून मनस्वी मागून आली.

"मामा, तुमी जीपमधी बसू नका. यांच्या गाडीत बसा."

"का गो?"

तिनं आजूबाजूला पाहिलं. "यांच्या गाडीला वास येतो. रबर जळल्यासारखा. शहापूरच्या पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडतं, आणि गाडी पुढं जातच नाय. मी बोलले तर म्हणतात, तुला काय कळतं."

"मला तरी त्या गाडीतलं काय कळतं?"

"तुमी बाजूला असलात तर हळू चालवतील," मनस्वी म्हणाली. "आज घाट हाय म्हणून सांगतेय."

धाकलूंनी खांद्यावरचा टॉवेल झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला आणि निळ्या गाडीकडे गेले.

बाप आपणहून येतोय हे पाहून दीपेशचा चेहरा उजळला. त्यानं फिरून येऊन दार उघडून धरलं. धाकलूंना आत शिरायला वाकावं लागलं, आणि बसल्यावर जमिनीवरच बसल्यासारखं वाटलं. आयुष्यभर ते रस्त्याकडे वरून बघत आले होते. इथं समोरून येणाऱ्या टेम्पोचं चाक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येत होतं.

शहापूर सोडलं, किन्हवली गेली. रस्ता मोकळा होता. कापणी झालेल्या शेतांत भाऱ्यांची उडवी उभी होती. दीपेश खरंच सावकाश चालवत होता. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट खाली घासायचं, तेव्हा तो ओठ दाबायचा. सपाटीवर गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जात होती. सरळगावला डावीकडे वळून माळशेजच्या रस्त्याला लागले, तेव्हा धाकलू म्हणाले, "इंजिन झ्याक हाय."

"बघा ना," दीपेश म्हणाला. "आता तुमीच बोललात."

टोकावड्याच्या अलीकडे एक लहानसा चढ आहे. त्या चढावर धाकलूंनी पहिल्यांदा ते ऐकलं. इंजिनाचा आवाज चढत गेला, त्याच्या फेऱ्यांचा काटा वर गेला, आणि गाडीचा वेग होता तेवढाच राहिला. चढ संपला तसा आवाजही खाली आला. दीपेशनं बापाकडे पाहिलं नाही.

घाट सुरू होण्याआधी वैशाखऱ्याला देवरामचं चहाचं हॉटेल आहे. देवराम ड्युटीच्या दिवसांपासूनचा ओळखीचा. धाकलू बाकावर बसले. दीपेश मात्र गाडीतच थांबला. काचेतून दिसत होतं, तो डावा पाय पुन्हा पुन्हा दाबत होता आणि सोडत होता. थोड्या वेळानं तो उतरून आला.

"क्लच कुठं पकडतो?" धाकलूंनी विचारलं.

"वर."

"किती वर?"

"अगदी वर. पाय पूर्ण सोडत आला की." दीपेशनं ग्लास उचलला. "मी वर्कशॉपला दाखवलीय बाबा. मुंबईला. ते म्हणाले, गाडी नवी आहे, काही झालेलं नाय. तुमी ट्रॅफिकमधी अर्धा क्लच दाबून चालवता, ती सवय सोडा."

"मग असं करू. गाडी हितंच ठेवू. देवराम बघेल. साडेबाराची एसटी हाय, तिनं जाऊ."

"भूमिकाच्या सासरी एसटीनं जायचं?" दीपेश पटकन बोलून गेला. मग आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं. तो खाली बघायला लागला. "तसं नाय म्हणायचं मला. पण त्यांना सांगितलंय मी, गाडी घेऊन येतो म्हणून."

धाकलू हट्ट धरू शकले असते. बाप म्हणून धरला असता तर दीपेशनं ऐकलं असतं, हे त्यांना नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण हट्ट धरला की मुलगा विचारणार, बाबा, तुमी घाबरलात का? आणि या एका प्रश्नाला धाकलूंकडे खरं उत्तर होतं, ते त्यांनी आजवर कुणालाही दिलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी ते एसटी घेऊन घाट चढत होते. वरून कांद्याच्या गोण्या भरलेला एक ट्रक येत होता. त्याचे ब्रेक लागत नव्हते. तो त्यांच्या अंगावर आला नाही. शेजारून गेला, अगदी शेजारून, आणि जाताना त्या ड्रायव्हरचा चेहरा त्यांना स्वच्छ दिसला. तो ओरडत नव्हता. तो नुसता रस्त्याकडे बघत होता, जसं रोज बघतात तसं. मागच्या वळणावर कठडा फुटल्याचा आवाज आला. त्यानंतर घाटाचा पहिला चढ लागला की धाकलूंचा उजवा पाय आपोआप थरथरायला लागायचा. कंडक्टरच्या लक्षात येऊ नये म्हणून ते गुडघ्यावर हात दाबून धरायचे. पाच महिने त्यांनी असे काढले. मग गुडघा दुखतो असं सांगून खालच्या रस्त्याची ड्युटी मागून घेतली. घरीही गुडघाच सांगितला. त्यानंतर आज ते पहिल्यांदा घाटात जात होते; भूमिकाकडेही ते आजवर काहीतरी कारण काढून गेले नव्हते.

त्यांनी चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसले.

ऊन चांगलं होतं. हवेत धुकं नव्हतं, पाऊस जाऊन महिना झाला होता. धाकलूंना वाटलं, धुकं असतं तर बरं झालं असतं. आज दरीचा तळ दिसत होता. तळातली घरं, वाळत घातलेला पेंढा, पांढऱ्या दोऱ्यासारखी पायवाट, सगळं.

पहिली दोन वळणं गाडीनं नीट घेतली. तिसऱ्यानंतर पुढं सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला ट्रक लागला. त्याला ओलांडायला जागा नव्हती. दीपेश दुसऱ्या गेअरवर आला, मग पहिल्यावर. इंजिन गुरगुरायला लागलं. आणि तो वास आला. धाकलूंना तो नाकात शिरायच्या आधीच कळला.

"अंतर ठेव," ते म्हणाले. "त्याच्या बुडाला चिकटू नको. थांबायचं तर ब्रेकवर थांब."

"हो."

पण पुढच्या वळणाच्या अलीकडे वरून बस उतरत होती. तिला वाट द्यायला ट्रक थांबला, आणि दीपेशचा पाय सवयीनं अर्ध्या क्लचवर राहिला. गाडी चढावर नुसती तरंगत उभी राहिली. बस गेली. ट्रक हलला. दीपेशनं क्लच सोडला.

इंजिन एकदम ओरडलं. गाडी हलली नाही.

त्यानं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. आवाज कानात बसला, गाडी जागची हलली नाही. ट्रक पुढच्या वळणाआड गेला आणि रस्त्यावर त्यांच्याशिवाय कुणी उरलं नाही. मग गाडी वीतभर मागे आली.

दीपेशनं ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. गाडी थांबली.

धाकलूंनी मान वळवून मागच्या लहानशा काचेतून पाहिलं. चाळीसेक फुटांवर मागे रस्ता वळला होता. गाडी मात्र वळणार नव्हती, ती सरळ मागे जाणार होती. आणि सरळ मागे कठड्याचा एक तुकडा पडलेला होता. त्या जागी कुणीतरी चुना फासलेले पाच-सहा दगड ओळीनं मांडून ठेवले होते. दगडांच्या पलीकडे काही नव्हतं, आभाळ होतं.

बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला.

"बंद कर, पेट घेईल," धाकलू म्हणाले, आणि दीपेशचा हात हलायच्या आधी त्यांनीच वाकून चावी फिरवली.

ती त्यांची पहिली चूक. एसटीच्या ब्रेकला हवा लागते आणि ती टाकीत साठलेली असते. इंजिन बंद केलं तरी बराच वेळ ब्रेक लागतो. या गाडीत तसं नव्हतं. इंजिन चालू असेतोवरच ब्रेकच्या पेडलला जोर मिळायचा. बंद झाल्यावर दोन-तीनदा दाबलं की जोर संपला, मग पेडल दगडासारखं. हे धाकलूंना ठाऊक नव्हतं आणि दीपेशच्या त्या घटकेला ध्यानात नव्हतं.

"आता पहिला गेअर टाक," धाकलू म्हणाले. आयुष्यभर चढावर उभी राहिलेली गाडी त्यांनी गेअरमध्ये अडकवून ठेवली होती. "टाकलास? आता ब्रेक हळूच सोड. गेअर धरंल."

दीपेशनं ब्रेक सैल केला. गेअरनं धरलं नाही. क्लचची प्लेटच घसरत होती, तर गेअर कशाला धरणार. गाडी दोन फूट मागे आली. चाकांखाली खडी करकरली. दीपेशनं ब्रेक दाबला, घाबरून सोडून पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. दर वेळी पेडल कमी खाली जात होतं.

"बाबा, जात नाय. पेडल खाली जात नाय."

"दोन्ही पाय लाव. सोडू नको. पंप मारू नको, नुसता दाबून धर."

दीपेशनं दोन्ही पाय पेडलवर रोवले, पाठ सीटला टेकवली आणि सगळं अंग ताणून धरलं. गाडी थांबली. म्हणजे थांबल्यासारखी वाटली. धाकलू बाहेरच्या एका पिवळ्या गवताच्या झुबक्याकडे बघत होते. तो झुबका हळूहळू पुढं सरकत होता. बोटभर. मग थांबला. मग पुन्हा बोटभर.

त्यांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. तो आणखी एक टिक वर आला आणि तिथंच संपला.

आपल्याला जे जे येत होतं ते सगळं करून झालं, हे धाकलूंना त्या क्षणी कळलं. त्यांचा उजवा पाय थरथरत होता. पायाखाली कुठलंच पेडल नव्हतं, तरी तो खाली दाबत होता. आणि त्यांचा डावा हात दाराच्या मुठीवर गेला होता. तो कधी गेला ते त्यांना कळलं नव्हतं. दार त्यांच्या बाजूला होतं. ते उघडून बाहेर पडायला एक श्वास पुरला असता. एवढ्या वेळात जे जे झालं त्यापेक्षा त्या मुठीवरच्या हाताचीच त्यांना जास्त भीती वाटली. त्यांनी तो काढून घेतला आणि मांडीखाली दाबला.

"रत्नदीपनं सांगितलं होतं," दीपेश म्हणाला. दात आवळलेले होते, त्यामुळे शब्द नीट येत नव्हते. रत्नदीपचं शहापूरला स्टँडमागं गॅरेज होतं. "गेल्या सोमवारी. प्लेट गेलीय म्हणाला. घाटात नेलीस तर परत येणार नाय. मी कुणाला बोललो नाय."

गवताचा झुबका पुन्हा सरकला.

"माझे पाय थकले, बाबा."

"इंजिन चालू कर," धाकलू म्हणाले. "आधी ब्रेक लागत होता. इंजिन बंद केल्यावर गेला. मीच बंद केलं. चालू कर."

"क्लच दाबल्याबिगर ही चालूच होत नाय. पाय कसा उचलू? एक पाय उचलला तर…"

धाकलूंनी खाली पाहिलं. ब्रेकवर दीपेशचे दोन्ही बूट एकमेकांना चिकटून होते. क्लचचं पेडल त्यांच्या डावीकडे होतं, म्हणजे धाकलूंच्या बाजूला.

त्यांनी पट्टा सोडला. मधल्या हँडब्रेकवरून वाकले. बरगडीत गेअरचा दांडा रुतला. डोकं दीपेशच्या गुडघ्याशेजारून खाली गेलं, स्टिअरिंगच्या खाली, अंधारात. तिथं पेट्रोलचा, चामड्याचा आणि त्या जळक्या प्लेटचा वास कोंडला होता. आता त्यांना रस्ता दिसत नव्हता, झुबका दिसत नव्हता, मागचे पांढरे दगडही दिसत नव्हते. बावीस वर्षं या घाटात त्यांनी एकदाही डोळे रस्त्यावरून काढले नव्हते. दीपेशच्या पोटऱ्या त्यांच्या गालाला लागत होत्या आणि त्या ताठलेल्या दोरासारख्या कापत होत्या.

हाताला पेडल लागलं.

"ऐक. मी दाबला की हँडब्रेक नि तुझे पाय एवढंच राहील. गाडी घसरंल. घसरली तरी चावी सोडायची नाय. चालू होईस्तोवर फिरवून धर."

"बाबा, नको."

"चावीवर हात ठेव."

"ठेवला."

धाकलूंनी दोन्ही तळहातांनी क्लच तळापर्यंत दाबला.

जे काही थोडंफार धरून होतं ते सुटलं. गाडी मागे निघाली. या खेपेला बोटभर नाही, ती चालायलाच लागली. खडीचा आवाज त्यांना अंगाखालून ऐकू आला. वर स्टार्टर कुरकुरला. एकदा. दोनदा. धाकलूंनी डोळे मिटले, तरी पेडलवरचे हात सोडले नाहीत. तिसऱ्या कुरकुरीत इंजिन पकडलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या गालाशेजारचे ते दोन्ही बूट भसकन खाली गेले. ब्रेक लागला होता. गाडी एक हिसका देऊन उभी राहिली आणि धाकलूंचं कपाळ डॅशबोर्डच्या खालच्या कडेवर आपटलं.

"गेअर काढ," ते तिथूनच म्हणाले. "न्यूट्रल. काढला?"

"काढला."

मग त्यांनी हात सोडले.

वर आल्यावर त्यांनी मागे पाहिलं. पांढरे दगड आता दहा-बारा फुटांवर होते. त्यातल्या एकावर माकड येऊन बसलं होतं आणि गाडीकडे बघत होतं.

"इंजिन बंद करायचं नाय. ब्रेक सोडायचा नाय. मी दगड लावतो."

दार उघडलं तेव्हा पाय ठेवायला हातभर जागा होती, त्यापुढं उतार. धाकलू गाडीला पाठ घासत मागे गेले. डोंगराच्या बाजूला पावसात कोसळलेले काळे दगड पडले होते. रस्ता ओलांडून त्यांनी एक आणला, मग दुसरा. दोन्ही मागच्या चाकांखाली ठोकून बसवले. तिसरा आणि चौथाही आणून त्यामागे लावला. परत येऊन ते दीपेशच्या खिडकीशी उभे राहिले.

"सोड आता ब्रेक."

दीपेशनं मान हलवली. तो समोर बघत होता. घाम हनुवटीवरून खाली पडत होता.

"चार दगड हायेत. सोड."

"नाय सोडत. तुमी मघाशी पण सांगितलं, गेअर धरंल म्हणून."

ते खरं होतं. धाकलूंनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला.

"माझा गुडघा कधी दुखला नाय," ते म्हणाले.

दीपेशला कळलं नाही. त्यानं पहिल्यांदा बापाकडे पाहिलं.

"घाटाची ड्युटी मी सोडली ती भीतीनं. कांद्याचा ट्रक गेला ना दरीत, तेव्हा मी हितंच होतो. हीच ती जागा, तो कठडा त्यानंच पाडलाय. त्यानंतर पाय ऐकंना. तुमाला सगळ्यांना गुडघा सांगितला. आज वैशाखऱ्याला बोललो असतो तर तू थांबला असतास. बोललो नाय. आताही पाय कापतोय. बघ. पण दगड मी बघून लावलेत. एक पाय आधी काढ. डावा."

दीपेशनं डावा पाय काढला. काहीच झालं नाही. मग त्यानं उजवा थोडा सैल केला. गाडी इंचभर मागे आली, दगडांना टेकली आणि थांबली. त्यानं पाय पूर्ण उचलला. ते दोन्ही पाय तसेच हवेत धरून तो बसला, खाली टेकवायचे कुठं हे कळत नसल्यासारखा. मग तो रडायला लागला. आवाज न करता.

धाकलू त्याच्या मानेवर हात ठेवून उभे होते, तेवढ्यात खालून एसटीचा हॉर्न ऐकू आला. वळणावर यायच्या आधी ड्रायव्हर देतात तसा. ही साडेबाराची गाडी. वळण घेताच तिला ही निळी गाडी समोर दिसणार होती. धाकलू खांद्यावरचा टॉवेल काढून वळणाकडे पळाले. साठीच्या माणसाला जमेल तेवढे जोरात पळाले. पांढऱ्या दगडांच्या शेजारी उभं राहून त्यांनी टॉवेल फिरवला. बस आली, कण्हली आणि पाच-सहा हात अलीकडे थांबली.

चालवायला पांडू होता. मुरबाड डेपोतला, त्यांच्यापेक्षा बराच लहान.

"काका, तुमी? हितं काय करताय?"

धाकलूंना धाप लागली होती. त्यांनी नुसतं गाडीकडे बोट दाखवलं. पांडू उतरला. त्यानं दगड बघितले, मागं पडलेला कठडा बघितला, चाकांचे खडीतले ओरखडे बघितले. कंडक्टरला त्यानं बसमधला लाकडी ठोकळा आणायला सांगितलं.

बसमधली बारा-पंधरा माणसं खाली उतरली. ठोकळा मागं सरकवत, थांबत थांबत, त्यांनी गाडी ढकलून वर नेली. पन्नासेक पावलांवर डोंगराच्या बाजूला रुंद जागा होती, तिथं ती खडकाला नाक टेकवून उभी केली. सगळा वेळ दीपेश आत बसून स्टिअरिंग धरून होता. बाहेर आला तेव्हा त्याला उभं राहता येईना. दोन माणसांनी त्याला बसमध्ये चढवलं.

पांडूनं धाकलूंना पुढची सीट दिली, ड्रायव्हरच्या बाजूची. धाकलू "नको" म्हणाले. ते मागे जाऊन दीपेशशेजारी, खिडकीपासून लांब बसले. घाटाची उरलेली वळणं त्यांनी डोळे मिटून काढली. दीपेशनं बापाचे मिटलेले डोळे पाहिले आणि त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल खिडकीला आडवा धरला.

ओतूरला पोचेपर्यंत बाळाचं नाव ठेवून झालं होतं. दोघं एसटीतून उतरून चालत आलेले पाहून भूमिकाच्या सासरचे काही विचारायच्या आत धाकलू म्हणाले, "गाडी बंद पडली." तेवढ्यावर भागलं. पण मनस्वीची नजर त्यांच्या कपाळावरच्या टेंगळावर होती. जेवणाची पानं वाढताना ती दीपेशसमोर येऊन थांबली.

"मामांना काय लागलं?"

"बाबांनी हातानं क्लच दाबला," दीपेश म्हणाला.

मनस्वीला हसू आलं. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. दोघांनीही मान वर केली नाही. ती भात वाढत राहिली. धाकलूंच्या पानावर तिनं नको म्हटलं तरी दुसऱ्यांदा वाढला.

दुसऱ्या दिवशी रत्नदीपनं टोईंगची गाडी नेऊन ती निळी गाडी शहापूरला आणली. गुरुवारी त्यानं निरोप पाठवला. बापलेक दोघं गेले. गॅरेजमध्ये फाटक्या गोणपाटावर क्लचची प्लेट काढून ठेवली होती. तिच्यावरचं अस्तर झिजून रिव्हेट उघडे पडले होते, कडा निळ्याकाळ्या झाल्या होत्या. रत्नदीपनं बोटानं ती पुसली आणि बोट त्यांना दाखवलं. चिकट होतं.

"तेल," तो म्हणाला. "आतल्या ऑइल सीलमधून गळत होतं. पहिल्यापासून. प्लेटवर तेल आलं की ती घसरणारच. तू कसाही चालवला असतास तरी घसरली असती. अर्ध्या क्लचचं मुंबईवाल्यांनी तुला उगाच सांगितलं. मला पण खोलल्यावरच कळलं."

दीपेशनं मोठा श्वास सोडला. चार दिवसांत पहिल्यांदाच त्याचे खांदे खाली आले. "म्हणजे माझी चूक नव्हती," तो म्हणाला.

"जळायची नव्हती," रत्नदीप म्हणाला. "न्यायची होती."

दीपेश प्लेटकडे बघत म्हणाला, "सील बदल. आणि ब्रेक पण सगळे खोलून बघ." मग दोघं गाडीखाली वाकून बघायला लागले.

धाकलूंनी ती प्लेट उचलून हातात घेतली. जेवणाच्या ताटलीपेक्षा मोठी नव्हती. बावीस वर्षं त्यांनी मनाशी एक हिशेब धरला होता, की घाटात गाडी जाते ती कुणाच्या तरी चुकीनं. ड्रायव्हर झोपला, ड्रायव्हर प्याला, गोण्या जास्त भरल्या. आपण चुकलो नाही तर आपल्याला काही होत नाही. त्या कांद्याच्या ट्रकवाल्याचंही त्यांनी तसंच काहीतरी ठरवून टाकलं होतं, नाहीतर ते पाच महिनेसुद्धा त्यांना गाडी चालवता आली नसती. आता त्यांच्या हातात हा एवढासा तेलकट तुकडा होता. कुठल्यातरी कारखान्यात एक सील नीट बसलं नव्हतं, आणि ते बसवणाऱ्याला माळशेज ठाऊकही नसेल.

त्यांनी प्लेट जपून गोणपाटावर ठेवली आणि टॉवेलला हात पुसले.

"मी होतो पुढं," ते दीपेशला म्हणाले. "तू ये सावकाश."

"थांबा ना, रत्नदीप सोडेल बाइकवर."

"नको. चालत जातो."

शहापूरहून आटगाव काही जवळ नाही. धाकलू हायवेच्या कडेनं, मातीच्या पट्टीवरून, गाड्यांकडे तोंड करून चालत निघाले. प्रत्येक येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचा चेहरा ते बघत होते. कांद्याच्या ट्रकवाल्यासारखेच तेही नुसते रस्त्याकडे बघत होते.